कॅम्प पाचची खोली

३ नोव्हें. सोम.
ओवी आज भिंतीला धरून उभी राहिली. दहा महिन्यांची नात माझी, तोरा पाटलिणीचा. सुनेला फोन केला तर तिची मीटिंग. म्हणजे पहिलं पाहिलं ते मीच. बदलापूरला आले त्याचं सार्थक झालं. घरही छान, नववा मजला, दिवसभर पाणी, खिडकीतून डोंगर. डोंगराशी बोलता येत नाही, एवढंच.

५ बुध.
फजिती. कॅम्पातल्या माझ्या जुन्या खोलीत सकाळी दार उघडलं की झोपतानाच लावायचं. इथंही तसंच सताड उघडं टाकून उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसले. समोरच्या बाई आल्या, हळूच विचारतात, "आजी, कोणी गेलं का?" मला आधी कळेना. इथं दार उघडं म्हणजे मयत. म्हटलं, "नाही हो, मी आहे अजून." हसल्या. जाताना माझं दार त्यांनीच ओढून घेतलं.

७ शुक्र.
प्रशांत म्हणतो, "आई, खोलीला गिऱ्हाईक आलंय. रविवारी बघणारेत. सही तुझी लागेल."
दिवाळीत मीच बोलले होते, विकून टाका. ओवी मांडीवर होती, तेव्हा राज्यसुद्धा देऊन टाकलं असतं. खोली आहे तोवर वाटतं, नाही पटलं तर जाईन परत. ती गेली की मग...
सून म्हणते, "तिथं संडासला पायऱ्या, तुमचा गुडघा." खोटं नाही बोलत. हे असते तर ह्यांना विचारलं असतं.

९ रवि.
कॅम्पात गेलो. गिऱ्हाईक भिंती ठोकून बघत होतं. मी बाहेरच उभी. शेजारच्या पद्माने पाहिलं. सिंधीण, चाळीस वर्षं आमची भिंत एकच. "अदी, आ गई तू!" अदी म्हणजे बहीण. गळ्यातच पडली. खुर्ची पुसून दिली. मग ताटलीत भाजलेला पापड आणि पाण्याचा ग्लास. त्यांच्यात पाहुणा आला की आधी पापड-पाणी. मला कधी दिलं नव्हतं तिने. मी आपली सरळ डब्यात हात घालायची, ती "चोरनी" म्हणायची.
खाल्ला गुपचूप. ताटली मीच विसळून ठेवली.
रिक्षात प्रशांत म्हणाला, "बुधवारपर्यंत सांगायचंय त्यांना."

१२ बुध.
सकाळी त्याने विचारलं. म्हटलं, संध्याकाळी सांगते. दिवे लागले. ओवी झोपलीय माझ्या पदराचं टोक मुठीत धरून, हलता येत नाही. लिफ्ट वाजली की मी दचकते. अजून आला नाही तो.