स्वतःहून थांबलेले

आई, ड्युटी संपल्यावरही तू दवाखान्यात अर्धा तास का थांबायचीस? मला अजून याचं उत्तर देता येत नाही. घरी पाठ दुखते म्हणून भिंतीला टेकून भाजी निवडायचीस, आणि तिथं, ज्या बायकांना भेटायला कुणी आलेलं नसे, त्यांना तेल लावून वेण्या घालत बसायचीस. तू तिथं आया होतीस; वेण्या घालणं तुझ्या कामात नव्हतं. मी चौथीत. दप्तर मांडीवर घेऊन बाकावर बसलेली असायचे. एकदा मोठ्या कौतुकानं मी हे मोठ्या सिस्टरना सांगून टाकलं. सोमवारपासून अख्ख्या वॉर्डाच्या वेण्या तुझ्या कामात लागल्या. गारखेड्याला घरी चालत येताना तू म्हणालीस, "लई शहाणी झाली गं तू. माझ्या मनाचं व्हतं ते. आता हुकमाचं झालं."

तू गेल्यावर मी शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले. आता एका कारखान्यात कामगारांचं बरंवाईट बघायचं काम करते. तिथं मी एक फलक लावला, 'स्वतःहून थांबलेले'. शिफ्टनंतर आपणहून कामाला हात लावणाऱ्यांचे फोटो. त्यांचं कौतुक व्हावं, एवढंच मनात होतं. थोड्याच दिवसांत सुपरवायझर बाकीच्यांना टोकायला लागले, "तुमचा फोटू कधी लागायचा, बाई? का नवरा वाट बघतो?" मग कुजबुज सुरू झाली की फोटो असलेल्यांचंच कंत्राट वाढणार. ती माझ्याही कानावर आली होती. मी नवे फोटो लावत राहिले.

पॅकिंगमधली एक बाई हर्सूलहून येते. गेल्या आठवड्यात अंगात ताप असताना ती शिफ्टनंतर थांबली आणि खोक्यांवरच कोसळली. मी तिला रिक्षातून दवाखान्यात नेलं. सलाईन चालू असताना तिनं माझी ओढणी धरली. "मॅडम, मधीच पडले. तरी फोटू लागंल ना?" मी म्हणाले, "लागंल." रडू आलं नाही, अजूनही येत नाही. तिच्या रजेचा अर्ज लिहिला, हात धुतले, डबा खाल्ला.

काल पहिल्या शिफ्टच्या आधी मी फलक उतरवला. कुणाला विचारलं नाही. फोटो ज्याचे त्याला दिले. साहेब बोलले, मी ऐकून घेतलं. आज ती बाई कामावर आली. रिकामी भिंत बघून म्हणाली, "बरं झालं बाई, गेलं ते. कुण्या मेल्याच्या डोक्यातून निघालं व्हतं काय म्हाईत!" मी तिच्यासोबत हसले. ते डोकं माझं, हे तिला सांगायचं सोडून मी तुला लिहीत बसलेय.