सिस्टर बेनेडिक्टाला शेवटची पोळी

२२ एप्रिल, मंगळवार. सकाळी ७.
हॉलंडमधल्या हूफडॉर्पला येऊन दोन दिवस झाले. नव्वद दिवसांचा व्हिसा, त्यातले दोन जेट लॅगमध्ये गेले. सारंगचं घर छान आहे. तीन मजले, जिने शिडीसारखे उभे. मागे रुमालाएवढी बाग, बागेपलीकडे पायवाट, पायवाटेला लागून कालवा. मृदुलाला आठवा लागलाय. सूनबाई गोड आहे, पण दमते. तारीख २४ जूनची दिली आहे.
संकल्प: रोज चालायचं. मृदुलाच्या स्वयंपाकघरात ढवळाढवळ करायची नाही. आणि आईबापांनंतर बाळाला पहिल्यांदा घ्यायचं ते मीच. मृदुलाची आई, साधनाताई, २० जूनला पुण्याहून येणार आहेत. विहिणीशी स्पर्धा वगैरे अजिबात नाही. मी फक्त आधी आले आहे.
कालव्यावर एक करडी हंसीण भेटली. जाडजूड, मान ताठ, चालताना डावीकडे जराशी झुकते. हुबेहूब आमच्या सिस्टर बेनेडिक्टा! पाचगणीच्या बोर्डिंगमधल्या पहिल्या संध्याकाळी मी मेसमध्ये रडत बसले होते, तेव्हा सिस्टरनी स्वतःच्या ताटातला जॅम लावलेला अर्धा पाव माझ्या ताटात ठेवला होता. एक शब्द न बोलता. सात वर्षांची होते मी.
हंसिणीला अर्धी पोळी टाकली. तिनेही एक शब्द न बोलता घेतली.

२४ एप्रिल, गुरुवार.
सारंग म्हणाला, आई, तिथे बोर्ड आहे, पक्ष्यांना खायला घालू नका म्हणून. यंदा बर्ड फ्लू आहे, मेलेले पक्षी सापडलेत. शिवाय ब्रेड त्यांना वाईट. मी म्हटलं, ब्रेड कुठे, पोळी आहे. तो म्हणाला, आई. नुसतं आई म्हणून थांबला. त्याचे वडील असेच थांबायचे.
दहा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढलीत, पुढे एकतीस वर्षं कॉलेजच्या लायब्ररीत. नियम पाळणं मला कोणी शिकवायला नको. आजपासून बंद.

२५ एप्रिल, शुक्रवार.
बंद. फक्त बंद झाल्याचं सांगायला गेले होते. मुका जीव आहे, वाट बघत राहील. रिकाम्या हाताने निरोप घेणं बरं दिसत नाही, म्हणून एक पोळी नेली. ही शेवटची.

२ मे, शुक्रवार.
मृदुलाबरोबर मिडवाइफकडे गेले. बाळाच्या घरात कोण कोण असेल, काय काळजी घ्यायची, सगळं तिने विचारलं आणि सांगितलं. मृदुलाने मुद्दाम पक्ष्यांचा विषय काढला. मिडवाइफ म्हणाली, रानपक्ष्यांच्या जवळ जाणाऱ्यांनी सध्या तान्ह्या बाळापासून दहा दिवस लांब राहिलेलं बरं. हसत हसत म्हणाली. इथे वाईट बातमीसुद्धा हसून देतात.
बसमध्ये मृदुला म्हणाली, आई, प्लीज हं. तुम्हाला बाळ घ्यायचंय ना? मी तिचा हात हातात धरला आणि शब्द दिला. माझ्या नातवंडापुढे हंसीण काय चीज आहे!
आता खरोखरच बंद.

५ मे, सोमवार.
घालणं आणि पडणं यात फरक आहे. मी चालत होते. पिशवीत पोळी होती. पिशवीला भोक आहे. भोक जुनं आहे, परवाचं.

११ मे, रविवार.
सकाळी शेतांच्या बाजूने धाड धाड आवाज. मृदुला दचकलीच. सारंग म्हणाला, शिकारी असतील. मी म्हटलं, एवढ्या शिस्तीच्या देशात शिकारीला सीझन नाही का? तो म्हणाला, आहे, पण हंसांसाठी खास परवाने निघतात. शेतातलं गवत फस्त करतात, आणि विमानतळ हा इथे, इंजिनात गेले तर विमानाचं काय होईल? वस्तीत मात्र बंदूक चालवत नाहीत.
मी शांतपणे चहा संपवला. म्हणजे सिस्टर वस्तीत राहिली तर वाचली, शेतात गेली तर गेली. आणि ती वस्तीत राहणार कशाच्या जोरावर?
तेव्हा हे आता खायला घालणं उरलेलं नाही. ही सेफ्टी आहे. सारंगचं सायकलवरचं नारिंगी जाकीट घालून गेले, एखादा शिकारी वाट चुकून आलाच तर मी दिसावी म्हणून. दोन पोळ्या.

१९ मे, सोमवार.
व्यवस्था चोख बसली आहे. बागेतल्या शेडमध्ये वेगळे बूट, हातमोजे, मास्क. परत आल्यावर साबणाने हात, शाळेतली जेवणाआधीची प्रार्थना आमेनपर्यंत म्हणून होईतो. इतकी काळजी घेतल्यावर मी जातच नाही असं म्हणायला शास्त्रीयदृष्ट्या हरकत नसावी.
मृदुला म्हणाली, आई, दहा किलोची कणीक तीन आठवड्यांत संपली? मी म्हटलं, दोन जिवांची आहेस तू. ती म्हणाली, अहो, मी तर महिनाभर भातच खातेय. मी विषय वाढवला नाही. खोटं काही बोलले नाही. दोन जिवांची आहेच ती.

३१ मे, शनिवार.
पूर्ण आठवडा निर्व्यसनी. सोमवार आणि गुरुवार सोडून.
आज कालव्याच्या पलीकडच्या काठावर गळ टाकून पंधरा-वीस जण बसलेले. शेजारच्या योकेबाई म्हणाल्या, आजपासून मोठे मासे धरायला परवानगी. माशांच्या विणीच्या दिवसांत बंदी असते, मेच्या शेवटच्या शनिवारी उठते. सत्तरीच्या आहेत, सगळ्या गल्लीची खबर ठेवतात. किती सुंदर पद्धत! काही दिवस बंद, मग खुलं. कायमची बंदी कोणालाच पाळता येत नाही हे डच लोकांनी ओळखलंय.
मीही आज खुलं केलं.
हंस मोजले. सव्वीस आहेत. मी घालते एकट्या सिस्टरलाच. बाकीचे तिच्याबरोबर येतात. आलेल्याला नुसतं उभं ठेवणं माझ्याच्याने होत नाही.

८ जून, रविवार.
काठावर पिसांचा सडा. सारंग म्हणाला, या दिवसांत जुनी पिसं गळतात, नवी येईपर्यंत महिनाभर त्यांना उडता येत नाही. तरीच सगळे माझ्यामागून चालत येऊ लागलेत. आज बागेच्या फाटकापर्यंत आले. सिस्टर आत डोकावत होती. मृदुला वर झोपलेली, ही देवाची कृपा.
कठोर निर्णय: त्यांना माझी भीती घालायची. छत्री नेली, सिस्टरच्या तोंडासमोर फाडकन उघडली, मोठ्याने ओरडले. तिने जरा विचार केला आणि छत्रीखाली येऊन उभी राहिली.
उद्यापासून आणखी कठोर.

१३ जून, शुक्रवार.
पेटीत पत्र. सारंगने वाचून सांगितलं. बुधवारी, १८ तारखेला, तपासणीचे लोक येणार. हंसांना धरून घशातला नमुना घेणार, बर्ड फ्लू आहे का बघणार आणि तिथेच सोडून देणार. रहिवाशांनी कालव्याकडे जाऊ नये. वाचून झाल्यावर सारंगने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मी म्हटलं, मला काय सांगतोस, मी कशाला जातेय?
आज सकाळची पोळी शेवटची धरायची.

१८ जून, बुधवार. दुपारी २.
क्रमाने लिहिते.
नऊ वाजता पांढऱ्या ओव्हरऑलमधले सहा जण आले. पायवाटेला धरून त्यांनी जाळी लावली, सुरुवातीला रुंद, पुढे निमुळती, शेवटी गोल कोंडवाडा. दोघे होडीत बसले. हंस कालव्याच्या मधोमध. होडी इकडे आली की ते तिकडे, होडी तिकडे गेली की ते इकडे. अकरा वाजले तरी एक पक्षी बाहेर येईना. सगळी गल्ली बघायला लोटलेली. योकेबाई खुर्ची टाकून कॉफी पीत होत्या. मृदुला वरच्या खिडकीत.
मी फक्त कचरा टाकायला बाहेर पडले.
सिस्टरने मला पाहिलं. एकदा ओरडली आणि पाण्यातून वर आली. तिच्यामागे दुसरा, तिसरा. चौसष्ट. आकडा नंतर त्यांनी मोजला म्हणून माहीत. मी पळाले असते, पण एकसष्टाव्या वर्षी, हातात कचऱ्याची पिशवी, पळणार कुठे? एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला जाळी. सरळ चालत राहिले. मागे चौसष्ट जण, शाळेत प्रार्थनेला जायचो तशा रांगेत. कोणी धक्काबुक्की केली नाही. एवढं वळण मी कधी लावलं मला कळलंही नव्हतं. चालता चालता मी कोंडवाड्यात शिरले आणि मागून कोणीतरी फाटक लावलं.
टाळ्या पडल्या.
योकेबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने इंग्रजीत म्हणाल्या, येणारच ते तिच्यामागे! रोज सकाळी साडेसहाला जेवण घेऊन येते ना ती, नारिंगी जाकीट घालून! कौतुकाने म्हणाल्या. रागाने म्हणाल्या असत्या तर परवडलं असतं.
वर बघितलं. मृदुला खिडकीतच होती. हलली नाही.
त्या लोकांची प्रमुख फेम्के नावाची पोरगी. मला हाताला धरून कोंडवाड्यातून बाहेर काढलं आणि म्हणाली, तुम्ही नसतात तर आजचा दिवस फुकट गेला असता. मग एक फॉर्म दिला. पक्ष्यांशी संपर्क कधीपासून? किती वेळा? फॉर्मवर मी आयुष्यात खोटं लिहिलेलं नाही. लिहिलं: २२ एप्रिल, रोज. मीटिंग सोडून आलेला सारंग माझ्या खांद्यावरून वाचत होता.
सिस्टर नर आहे असं फेम्के म्हणाली. पोरगी लहान आहे अजून, चुकत असेल.

१९ जून, गुरुवार.
कोणी ओरडलं नाही. मृदुला एवढंच म्हणाली, आई, तुम्ही माझा हात धरून सांगितलं होतंत.
ओरडली असती तर उत्तर देता आलं असतं. उत्तरं माझ्याकडे पुष्कळ तयार होती.

२१ जून, शनिवार.
साधनाताई काल आल्या. डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, तान्ह्यासाठी जुन्या साडीची मऊ दुपटी. सगळं आठवणीने आणलंय.
आज फोन आला. चार हंसांमध्ये बर्ड फ्लू निघाला. मिडवाइफ म्हणाली, ताप-खोकला नाही ना, मग घाबरू नका, पण शेवटच्या संपर्कापासून दहा दिवस बाळापासून लांब. म्हणजे २८ पर्यंत. माझी रवानगी माळ्यावरच्या खोलीत. साधनाताई ताट दाराबाहेर ठेवतात, वाट्यांवर झाकण्यासुद्धा. म्हणाल्या, पूर्णिमाताई, काही हवं असलं तर मारा हं हाक. आम्ही चौसष्ट नाही, पण येऊ.
हसले मी. काय करणार.
काही बिघडलेलं नाही. पहिलटकरणीला उशीर होतोच. बाळ २९ ला होईल. तोवर साधनाताई दमलेल्या असतील.

२२ जून, रविवार.
पहाटे जरा पाय मोकळे केले. विशेष काही नाही.

२६ जून, गुरुवार.
मुलगी झाली. सकाळी सव्वानऊला. तीन किलो दोनशे. दोघी खुशाल.
सारंगने हॉस्पिटलमधून व्हिडिओ कॉल केला. कपाळ माझ्या आईचं आहे. साधनाताई म्हणतात त्यांच्या आईचं. त्या तिथे होत्या, त्यांना जवळून दिसत असेल.

२७ जून, शुक्रवार.
बाळ घरी आलं. माळ्यावर रडणं ऐकू येतं. सारंग असाच रडायचा, आधी एक बारीकसा आवाज काढून बघायचा, मग सुरू.
आतापर्यंत बाळाला घेतलेले: सारंग, साधनाताई, बाळंतिणीचं करायला आठवडाभर घरी येणारी नर्स, योकेबाई. योकेबाईसुद्धा!
मी उद्या. आईला धरून सहावी. सहावा नंबर काही वाईट नाही. घाईगर्दी संपलेली असते.

२८ जून, शनिवार. संध्याकाळी ७.
दहा दिवस भरले. आंघोळ केली, धुतलेली सुती साडी नेसले, खाली गेले. मला वाटलं होतं सारंग देईल. मृदुला स्वतः उठली, दुखत असताना. माझ्यासमोर येऊन म्हणाली, आई, घ्या तुमची नात.
मी हात पुढे केले. बाळाने जांभई दिली. एवढंसं तोंड, आत काही नाही.
माझे हात मागे आले.
मी म्हटलं, रविवारी गेले होते.
कोणाला काही कळेना. मी म्हटलं, २२ ला. पहाटे, तुम्ही सगळे झोपलेले असताना. चार आजारी आहेत म्हणाले ना, म्हणून ती आहे का बघायला. एक पोळी नेली होती. म्हणजे अजून चार दिवस मोजायला हवेत.
कोणी विचारलं नव्हतं. कोणाला कधी कळलंही नसतं.
साधनाताईंनी कपाळावर हात मारला. सारंग म्हणाला, आई, कमाल आहे तुझी, कमाल. आणि खुर्चीतच बसला. मृदुलाने बाळ परत छातीशी धरलं. दोन पावलं मागे गेली. मला वाटलं आता ही माझ्याशी कधीच बोलणार नाही.
ती म्हणाली, बुधवारी संध्याकाळी घ्या मग. मग बाळाचं दुपटं सारखं करत म्हणाली, सापडली का ती?
मी म्हटलं, हो, ठणठणीत आहे.
वर येऊन हे लिहिते आहे. रविवारी काठावर जाऊन हाक मारली तर साठेक जण आले. सगळ्यांची मान ताठ. सगळे डावीकडे झुकून चालत होते. त्यातली सिस्टर कोणती, मला ओळखता येईना. मग जो सगळ्यांत पुढे होता त्याला पोळी दिली.