निळ्या कापडाची तक्रार

ताई,

'ही शिवणारी बाई कापड चोरते' या तुझ्यावरच्या पोस्टबद्दल तू केलेली तक्रार आमच्या फोरमवर नेमकी माझ्याच वाट्याला आली. नियमाप्रमाणे मी पोस्ट लपवली आणि दातओठ खात लिहिणाऱ्याला नोटीस पाठवली: पाच दिवसांत पुरावा द्या. तेवढ्यात शेजारच्या खोलीत टिंग वाजलं.

वेळ जावा म्हणून बाबांना फोरमवर ते टोपणनावाचं खातं मीच उघडून दिलं होतं आणि विसरूनही गेलो होतो. आत गेलो, तर तू शिवून पाठवलेला निळा शर्ट घालून बसलेले. "माझं निळं कापड त्या बाईंनी ठेवून घेतलं," म्हणाले. मी त्यांची बाही धरून दाखवली. "हा? हा माझ्या लेकीनं शिवलाय. तिच्या हाताला तोड नाही. त्या बाईंकडे उगाच गेलो."

पोस्ट मी कायमची काढली. तक्रारदाराला लेखकाचं नाव सांगायचं नाही, असा आमचा नियम आहे. आज पहिल्यांदाच तो मला बरा वाटला. फोनवर तुला 'बाबा मजेत आहेत' असं सांगत आलोय, तोही मीच.

फोरमकडून तुला दोन ओळींचं उत्तर येईल. हे पत्र ड्रॉवरमध्येच राहील. शर्ट मात्र, चार दिवस झाले, ते धुवायलाही काढून देत नाहीत.

तुझा धाकटा