गजावरची खूण

८ सप्टेंबर

आमच्या पोराशी, वेडशी, फोनवर भांडले. आता वाईट वाटतंय, पण शब्द मागे घेणार नाही! म्हणतो, "आई, लेथ विकून टाक. बाबा आता परत बंदुका बनवणार आहेत का? जुनी यंत्रं विकत घेणारा प्रुइट ट्रक घेऊन यायला तयार आहे." पोटचा पोरगा, पण बोलणं असं तोडून. मी म्हटलं, इमोजीनची बंदूक आधी पुरी होऊ दे, मग ने म्हणावं.

वेडचं चुकतंय तरी काय? मार्चमध्ये हार्लनला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा, बोलणं गेलं. "हं" आणि "न्ना" एवढंच उरलंय, तेही कधी उलटसुलट. हॉस्पिटलातली बाई म्हणाली, "त्यांना कितपत कळतं ते सांगता येत नाही." आणि हा माणूस लग्न झाल्यापासून भांडणात मला कधी शेवटचं वाक्य बोलू देत नव्हता! आता सगळी वाक्यं माझीच. नको झालीत.

११ सप्टेंबर

इमोजीनच्या बंदुकीची नळी आणि नळीमागचं बूच हार्लननं आजारी पडायच्या आधीच बसवलं होतं. उरला खांद्याला लावायचा लाकडी दस्ता. आजवर मी फक्त घासायचं नि तेल लावायचं काम केलं. कोरायचं त्याचं.

इमोजीन डावखुरी, बुटकी, सगळी हयात शाळेची बस चालवलेली. ऑर्डर देताना म्हणाली होती, "नेल्डा, आयुष्यभर लांब हातांच्या बाप्यांच्या बंदुका खांद्याला लावल्या गं. एक तरी माझ्या मापाची हवी. या सीझनला हरीण मी माझ्या बंदुकीनं मारणार!" अशा बाईला नाही कसं म्हणायचं?

हार्लनची खुर्ची दारात ठेवते, म्हणजे ऊन लागतं. मी कानस चालवली की तो काठी आपटतो. पाणी? न्ना. बाथरूम? न्ना. मग काय हवंय रे बाबा तुला!

१९ सप्टेंबर

गाल टेकतो तिथं दस्ता जास्तच तासला गेला. हार्लन मागून सारखा काठी आपटत होता, त्यानं हात हलला. त्याच्यावर ओरडले. मग रडले. मग काल उरलेली बिस्किटं ग्रेव्हीत बुडवून दोघांनी खाल्ली.

२० सप्टेंबर

दस्ता वाचला! दुसरीकडूनही तेवढाच उतरवला. बारीक झाला, पण इमोजीनचा गाल आता अलगद बसेल. अक्रोडाच्या लाकडातल्या रेषा काय सुंदर उमटल्यात!

२७ सप्टेंबर

बार ठरवला, म्हणजे एका वेळी दारू किती घालायची ते. हार्लनच्या पद्धतीनं, एकही पायरी न चुकता. नळी बनवणाऱ्यानं सांगितलेली कमाल मर्यादा भिंतीवर लिहिलेली आहे, तिच्यापुढं गेलं तर नळी फुटते; तिच्या खूप खालून सुरुवात. पितळी मापानं थोडी थोडी वाढवत जायचं, आणि गोळ्या कागदावर एका जागी पडायला लागल्या की थांबायचं. पुढं जायचा मोह धरायचा नाही. दारू ठासणीच्या बंदुकीची, काळी, तीच. काडतुसातली बिनधुराची दारू तर हार्लन या छपराखाली आणूच द्यायचा नाही. एका गिऱ्हाइकाच्या खिशात डबी दिसली, तर त्याला कॉफी न पाजता घालवला होता!

आणि आमचा ठोका. नळीत दारू ओतली की बाकावर एक ठोका द्यायचा. म्हणजे दारू गेली, आता फक्त गोळी. भरताना तोंड बंद. मी काही बोलायला लागले की हार्लन गोळी ठासायचा गज माझ्यापुढं नाचवायचा.

शंभर ग्रेन दारूवर गोळ्या एकमेकींना चिकटून पडल्या. गोळी गजानं दारूवर घट्ट ठासली, आणि गज नळीच्या तोंडाशी जिथं आला तिथं त्याच्यावर खूण कोरली. भरलेल्या बंदुकीत खूण तोंडाशीच दिसली पाहिजे. खूण कोरणं नेहमी हार्लनचं काम. त्याला दाखवली. तो झाडांकडे बघत होता.

५ ऑक्टोबर

सगळा विचका झाला!

इमोजीन पर्सिमॉनच्या फळांचं पुडिंग घेऊन आली. बंदूक खांद्याला लावली आणि बाईचे डोळे भरले. "अगं नेल्डा, ही तर मला ओळखते!" मी हवेत. पहिला बार मी भरून देते म्हटलं. भरता भरता ती पुडिंगची कृती सांगत होती, मी विचारत होते, सालं काढतेस का चाळणीतून गाळतेस. गोळी ठासत होते तोच हार्लननं काठी आपटायला सुरुवात केली. ठक-ठक. ठक-ठक. ठक-ठक. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी. "न्ना! न्ना!" खुर्चीतून पडायला आला. गज तसाच ओढून घेतला नि धावले. इमोजीन बिचारी म्हणाली, "राहू दे गं, उद्या उडवू. त्याला आत ने."

बंदुकीला बार पेटवणारी टोपी लावली नव्हती. तशीच आत रॅकवर ठेवली, भरलेली आहे म्हणून लाल फडकं बांधलं.

हार्लनशी संध्याकाळभर बोलले नाही. आयुष्यात एक बंदूक स्वतः पुरी केली, तर ती त्याला बघवेना! प्रुइट परवा येतोय. येऊ दे. नेऊ दे सगळं.

६ ऑक्टोबर

रात्रभर राहिलेला बार नको म्हणून तो काढायला गेले. गज आत सोडला. खूण तोंडाच्या तीन बोटं वर.

मागचं बूच उघडून दारू कागदावर काढली आणि पितळी मापात भरली. माप भरलं. कागदावर तेवढीच उरली. पुडिंगच्या नादात मी दोनदा ओतली होती. दुप्पट बार — भिंतीवरच्या मर्यादेच्या कितीतरी वर, आणि वर इमोजीनचा गाल.

ठक-ठक. दोन! दोन!

१९ सप्टेंबरलाही तो काठीनं ओरडतच होता. लाकूड तासणं पुरे, पुरे.

आत गेले. त्याच्यासमोर टेबलावर दोन ठोके दिले. हार्लननं माझ्याकडे नीट पाहिलं, मान डोलावली, आणि डाव्या हातानं एकच ठोका दिला.

प्रुइटला फोन केला. म्हटलं, ट्रक आणू नकोस, इथं अजून दोघं काम करतो.