शेळीऐवजी चेंडू

चिरंजीव,

तिकडे नोकरीच्या गावी बसून, माझ्या तब्येतीसाठी म्हणे, तू माझी शेळी परस्पर दूधवाल्याला देऊन टाकलीस. वर फोनवर, “बाबा, आता आराम करा!” आराम करून करून बोटं आखडली रे! धार काढताना ती आपसूक मोकळी व्हायची. तिला चरायला नेताना पायही चालायचे. आणि शाळेतली कविता ऐकल्याशिवाय बाईसाहेब पान्हा सोडत नसत.

आता डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिलाय. काल वैतागून त्यालाच अख्खी कविता म्हणून दाखवली. सूनबाईंनी दारातून ऐकलं.

“बाबा, आणू या का हो तिला परत?”

म्हणून हे पत्र पाठवत नाही. आम्हीही परस्परच दूधवाल्याकडे निघालोय.

तुझा,
चेंडूला कंटाळलेला बाप