तांबड्या कोंबड्याची भरपाई

नवापूर, एप्रिल २००६

तीर्थरूप आईस, शेवंताचा नमस्कार.

आई, सरकारी भरपाईचा चेक आला की! बर्ड फ्लू पसरू नये म्हणून शेडातल्या समद्या कोंबड्या मारल्या, तवा ह्यांना घास उतरत नव्हता. आज पेढं घिऊन आल्यात! आता नवी पिल्लं आणायची.

आमी बरं हाय, ताप कुणाला न्हाय. आप्पांचा गुडघा कसा हाय?

तू गगनबावड्यास्नं दिलेला तांबडा कोंबडाबी सायबांनी मोजला, त्याचंबी पैसं आलं. पहाटं आरवाय कोण न्हाय, म्हणून ह्ये म्हणत्यात, त्यात गजराचं घड्याळ घिऊ. अजाबात न्हाय! त्याच्याच वाणाचा एक माझ्यासाठी राखून ठेव. घड्याळ काय दाणं मागत पायात येतंय व्हय?

तुझी,
शेवंता