य.च्या इमारतीतली ओल

५ ऑक्टोबर ५९, सोमवार

साहेबांनी दोघांना एकदम बोलावलं. दिवाळीनंतर चारही इमारती गिरणी कामगारांच्या ताब्यात द्यायच्या, त्याआधी पाये तपासा. पण आपला आपण नाही. १ नि २ मी बांधल्या, त्या यशवंत जाधव तपासणार. ३ नि ४ त्याच्या, त्या मी. "आपलं ते सगळ्यांनाच सरळ दिसतं, परब," म्हणाले. जाता जाता हेही सांगितलं की मार्चला योजना संपली की कायम एकालाच करणार. ज्याचा पाया कोरडा, त्याचं नाव वर.

म्हणजे दुसरा घरी.

बाहेर आल्यावर यशवंत म्हणाला, "बरं झालं दत्ता, उगाच भानगड नको." आणि हसला. याला हसू येतं कसं? ओव्हरसियरच्या वर्गातही हसायचा हाच नि निकालात वरही हाच.

यापुढे इथे नुसतं य. पूर्ण नाव लिहायला हात नको म्हणतो.

७ ऑक्टो.

३ नं. च्या पंपाच्या खोलीत उतरलो. ती जमिनीखाली, तिच्या भिंती म्हणजेच पाया. दगडी पाया असता तर निम्मं काम डोळ्यांनी झालं असतं. इथे यार्डात साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती, क्रेनने खड्ड्यात सोडून एकीला एक लावलेल्या. भिंत गळत नाही, गळला तर सांधा गळतो. म्हणून सांधा न् सांधा हातोडीने वाजवायचा. भरीव असला की ठण्ण, पोकळ असला की भद्द.

सगळे ठण्ण. मेल्याने एक सोडला नाही.

ओळंबा लावला. सरळ. एका सांध्यावर केसाएवढी चीर दिसली, जीव भांड्यात पडला माझा. टाचणी घालून पाहिली. जाईना. वरचा चुना तडकलेला, बाकी काही नाही.

त्याचे गवंडी त्याला "जाधवसाहेब" म्हणतात. मला म्हणतात "ओ परब". बिगारी एकच, ठेकेदार एकच. मला "ओ" का?

९ ऑक्टो.

आज तमाशा. ४ नं. च्या दर्शनी भिंतीवर कोणीतरी आपल्याच डांबराने हातहातभर अक्षरात लिहून ठेवलं, संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. सांधे बुजवायचं डांबर. साहेब लाल. "कोणी केलं? सरकारी इमारत आहे ही!"

सगळे जमिनीकडे बघत उभे. मीही. तेवढ्यात य. पुढे. "डांबर माझ्या साइटचं आहे, साहेब. जबाब मी देतो."

याने लिहिलं नाही, मला पक्कं ठाऊक. याचं अक्षर एवढं वाईट नाही.

साहेबांनी भिंतीवरचं पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "पुसा ते." दोन पावलं गेले, वळले. "सावकाश पुसा. घाई नाही." गवंड्यांनी टाळ्याच पिटल्या. साहेब पुण्याचे असले म्हणून काय झालं, मराठीच ना.

डांबर माझ्याही साइटवर होतं. मला का नाही सुचलं पुढे व्हायचं? सुचलं असतं तरी पाय उचलला असता का, तो प्रश्न वेगळा. पण सुचायला तरी हवं होतं.

१३ ऑक्टो.

दसऱ्याची सुट्टी होऊन गेली. आईबरोबर सोनं द्यायला निघालो तर नाक्यावर य. दिसला, नायगावकडे चाललेला. पांढरा झब्बा, बायको पांढऱ्या लुगड्यात, मुलगी खांद्यावर. बौद्ध झाल्यापासून त्यांचा हाच मोठा दिवस, दीक्षेचा. "जय भीम, आई," म्हणाला आईला. आईने काय म्हणावं ते न कळून "होय बाबा, सुखी राव" म्हटलं. चाळीत शिरताना म्हणते, "काय गोजिरवाना दिसता रे त्याचा बिऱ्हाड."

मी बत्तीस. बिऱ्हाड म्हणजे मी नि आई, तेही काकांच्या खोलीतला एक कोपरा. कायम झाल्याशिवाय मुलगी कोण देणार. अंगाचा तिळपापड झाला.

पाया घातला त्या दिवशी याने नारळ फोडला नव्हता. "मी ते सोडलं. तुम्हाला फोडायचा तर फोडा, माझी हरकत नाही," म्हणाला. त्याच्या दोन इमारती कोरड्या सुरू झाल्या. माझ्या दोन्हींवर साग्रसंगीत पूजा. गणू मुकादम माझ्या कानाशी म्हणाला होता, बिननारळाचा पाया गळणार बघा. मी मनात म्हटलं, गणू, तुझ्या तोंडात साखर पडो.

१७ ऑक्टो., शनिवार

सापडली!!

कालची पौर्णिमा, आज उधाण. आमची जमीन भरणीची, वरळीच्या अंगाची. उधाण आलं की खारं पाणी मातीतून पार पायापर्यंत चढतं. म्हणून मुद्दाम आज भरतीच्या वेळेला ४ नं. मध्ये उतरलो. आतून भिंतीला खडूचा हात मारला. थोड्या वेळाने दक्षिणेच्या कोपऱ्यात खडू काळा पडला. ओल! तळहाताएवढी, मग परातीएवढी!

खोटं कशाला लिहू, उकड्या तांदळाची पेज पोटभर मिळाल्यासारखं वाटलं. येताना लालबागच्या बाजारातून हलवा मासा घेतला, सुरमई काही परवडत नाही. आई म्हणाली, "आज काय आसा?" म्हटलं, काही नाही, काम चांगलं झालं.

गणूचं तोंड खरं ठरलं. नारळाशिवाय का कुठे—

१९ ऑक्टो.

तोंडघशी पडलो.

साहेबांपुढे थाटात सांगितलं, ४ नं. चा पाया गळतो. य. ला बोलावलं. तो नाही म्हणाला नाही की चिडला नाही. "चला, बघू." तिघे उतरलो. त्याने त्या ओलीवर बोट फिरवलं नि सरळ जिभेला लावलं.

"गोडं आहे, साहेब. समुद्राचं असतं तर खारं लागलं असतं."

वर जाऊन पाहिलं तर पहिल्या मजल्यावर गवंडी थापी धुतात तो नळ अर्धवट उघडा. पाणी भिंतीच्या पोटातून उतरत होतं. नळ बंद केला. दुपारी खडू पांढरा तो पांढराच.

साहेब म्हणाले, "परब, बोट जिभेला लावायला काय झालं होतं?" काय झालं होतं ते मला माहीत आहे. मला चवच नको होती. ओल हवी होती.

य. ने खांद्यावर हात ठेवला, "होतं रे असं." तो हात मला अजून टोचतोय.

२० ऑक्टो.

आज त्याची पाळी, माझी १ नं. आपलं ठेवावं झाकून नि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही म्हण माझ्यासाठीच कोणीतरी केली असेल. मी वर उभा, तो खाली. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. मग

भद्द.

पुन्हा त्याच जागी. भद्द. ईशान्येचा कोपरा. खडू मारला, काळा. बोट लावलं, थुंकला. मीच उतरलो, मीच बोट लावलं.

खारं. मिठागरासारखं.

२१ ऑक्टो.

परवा सांधा फोडायचा ठरलं. साहेब नाहीत, नाशिकला गेलेत, मंगळवारी येणार. मला काय निघणार ते माहीत आहे. गणूलाही. य. ला नाही.

जेवण गेलं नाही. आई विचारते, "त्या जाधवाबरोबर भांडलंस?"

२३ ऑक्टो.

फोडला. निघाली पुरचुंडी.

खणाचं फडकं, कुजून काळं. आत सुपारी, हळकुंड, अक्षतांचा लगदा. आणि आईचं जोडवं.

पाया घातला त्या दिवशी आई आली होती लालबागहून चालत. "माझ्या झिलाचा पयला बांधकाम," म्हणत होती. दगडी पायात ही पुरचुंडी ईशान्येच्या दगडाखाली ठेवतात, वरून दगड बसतो, कोणाला काही होत नाही. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या असंच. पण इथे उचलायला दगड कुठे? दोन भिंती नि मधला सांधा. गणूने पुरचुंडी सांध्यात सारली, वरून माल लिंपला. मी बाजूला हात जोडून उभा. सांधा पोकळ राहील हे मला, डिप्लोमावाल्याला, समजत नव्हतं? समजत होतं. आई बघत होती. बाबा गेल्यावर पायातून काढलेलं जोडवं तिने इतकी वर्षं जपून ठेवलेलं, ते माझ्या इमारतीच्या पायात घातलं. "गणू, काढ ते" असं तिच्यासमोर म्हणवलं नाही.

फडकं वातीसारखं पाणी ओढत होतं आत.

य. पुरचुंडी हातात घेऊन बघत बसला. मी वाट बघत होतो, आता हसेल. हसावं, काहीतरी लागेल असं बोलावं, म्हणजे मलाही बोलता येईल. बिननारळाचा पाया कोरडा नि पूजेचा गळका, याहून मोठी संधी त्याला कधी मिळणार होती? मी तर चाळीचाळीत सांगत फिरलो असतो.

तो एवढंच म्हणाला, "चांदी आहे. धुऊन ठेवतो."

मेल्या, हस की!

२४ ऑक्टो.

गणू सकाळीच आला. "साहेबाक सांगा, गणूनं माल कमी घातला. माजा काय, म्हातारा झालंय, गावाक जायन." डोळ्यांत बघत नव्हता. गावाला त्याचं काय आहे? पडकं घर नि भावाशी भांडण.

सोपं आहे. गणूचं नाव, एक वाक्य. मुकादमाने माल कमी भरला. पाया माझा, चूक त्याची. जागा अजून मिळू शकते. य. नेही तसंच लिहिलं तर.

पण तो लिहिणार नाही. माझं लग्न, माझी खोली, सगळं त्याच्या खरेपणावर अडलंय.

२५ ऑक्टो., रविवार

य. घरी आला. लालबागच्या आमच्या चाळीत पहिल्यांदा. काका बाहेर गेलेले, बरं झालं.

जोडवं रुमालात. लखलखीत. आईच्या हातावर ठेवलं. "सांधा नीट करताना निघालं, आई. तुमचं आहे ना? आता आत ठेवायला नको."

आईने ते मुठीत मिटलं. मग म्हणाली, "माझ्यामुळे गळलो काय रे पायो?"

"छे हो. जमीनच खारी आहे तिथली."

पकडला! खोटं बोलला! मला इतका आनंद झाला की काय सांगू. हा खोटं बोलतो! आणि दुसऱ्याच क्षणी कळलं, माझ्या आईसाठी बोलला. मी तिचा मुलगा, परवापासून तिला काय सांगावं याच विचारात, आणि सांगून टाकलं याने.

"बस. चाय घेतल्याशिवाय जावचा नाय," आई म्हणाली. मला धाकधूक. फळीच्या मागे तिचा एक कानतुटका कप असतो, तसल्या लोकांसाठी म्हणून. (मी 'तसल्या' लिहिलं. राहू दे, खोडत नाही.) तिने निळ्या फुलांचा काढला. त्यातून मला तापातसुद्धा चहा मिळालेला नाही. मी आपला पितळेच्या पेल्यातून पीत बसलो नि त्या कपाकडे बघत राहिलो. कोणत्या गोष्टीचा हेवा करावा याला काही मर्यादा?

तो गेल्यावर ती कप हातात धरून मोरीशी बराच वेळ उभी होती. मग बाकीच्या भांड्यांत घालून धुतला.

त्याला सोडायला खाली गेलो. नाक्यावर समितीची सभा, कर्ण्याच्या आवाजात काही ऐकू येईना. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मी खोटं लिहिणार नाही, दत्ता. गणूवरही घालणार नाही. पण साहेब मंगळवारी येतायत. आधी तू आत जा. मी नंतर जाईन. तू सांगितलंस तर ते वेगळं, मी सांगितलं तर वेगळं."

"आणि जागा?"

"ती साहेबांना ठरवू दे की."

म्हटलं, "तुला सोपं आहे."

पहिल्यांदा त्याचा चेहरा बदलला. "मला?" म्हणाला. "माझ्या बिननारळाच्या पायाची वाट बघत अख्खी साइट बसली होती दत्ता, कधी गळतो म्हणून. माझा एक सांधा भद्द वाजला असता तर पुरचुंडी नाही सापडली असती कुणाला. माझी जातच सापडली असती. म्हणून प्रत्येक सांधा मी स्वतः भरलाय. तू घरी जेवायला जायचास तेव्हा."

गर्दीत गेला. जय भीम म्हणायचंही राहिलं त्याचं. की मुद्दाम नाही म्हणाला?

२७ ऑक्टो., मंगळवार

साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकावर. रोजनिशी खिशातच होती, हाताला चाळा म्हणून लिहितोय.

गणू सकाळपासून जिन्याशी उकिडवा बसलाय. माझ्याकडे बघून मान हलवली, माझ्यावर घाला म्हणून.

य. आत्ताच आला होता. साहेब आलेत का विचारलं, मी हो म्हटलं. मग घड्याळात बघितल्यासारखं केलं. (त्याच्याकडे घड्याळ नाही.) "मी चहा घेऊन येतो," म्हणाला नि समोरच्या हॉटेलात गेला. इथून दिसतोय. दाराकडे पाठ करून बसलाय. मी आत शिरताना दिसू नये, आणि नाही शिरलो तरी दिसू नये, म्हणून.

इतके दिवस मला त्याचे सांधे हवे होते, त्याचं "साहेब" हवं होतं, त्याचं बिऱ्हाड हवं होतं, तो निळ्या फुलांचा कपसुद्धा. आज या बाकावर बसून वाटतंय, त्याला एकदा तरी माझा हेवा वाटावा. कशाचा वाटणार? माझ्याकडे आहे काय? फक्त हे दार आहे, आणि त्याच्याआधी आत जायचा मान. तोही त्यानेच दिलेला.

पट्टेवाला विचारतोय, "परब, जाताय का? नाहीतर जाधवांना बोलावतो."

उठतो. गणू बघतोय. तोंड उघडल्यावर माझं नाव निघेल का त्याचं, देवाशपथ मला अजून